ओढ्यातला दीड मिलिमीटरचा भुंगेरा नवीन प्रजाती आहे, हे ठरवायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा: आंबोली परिसरातल्या एका ओढ्यात, पाण्यात बुडालेल्या ओंडक्यावर, जुलैमध्ये जेमतेम दीड मिलिमीटर लांबीचे तपकिरी भुंगेरे सापडले. मोबाइलला मॅक्रो लेन्स लावून फोटो काढले, पण नेटवरच्या कुठल्याच फोटोशी ते जुळत नाहीत. ही नवीन प्रजाती असेल का? आणि असलीच, तर तिचं वर्णन प्रसिद्ध करायला काय काय करावं लागतं? विचारणारे कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात, तेव्हा बऱ्यापैकी सूक्ष्मदर्शक हाताशी आहे असं धरून लिहितो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर, हो, असू शकते. 2008 साली पाण्यातल्या भुंगेऱ्यांचा जगभराचा हिशेब मांडला गेला, तेव्हा नाव मिळालेल्या प्रजाती सुमारे 12,600 होत्या आणि प्रत्यक्षात असाव्यात असा अंदाज 18,000 च्या आसपास होता. म्हणजे दर तीन प्रजातींमागे जवळपास एक बिननावाची. त्यातही लहान अंगाच्या, डोंगरातल्या ओढ्यांत राहणाऱ्या गटांत हे प्रमाण जास्तच निघतं. पण फोटोशी जुळत नाही, या गोष्टीला पुरावा म्हणून किंमत शून्य. एवढ्याशा भुंगेऱ्यांपैकी बहुतेकांचे फोटो नेटवर नाहीतच. सव्वाशे वर्षांपूर्वी नाव मिळालेल्या कित्येकांचं तर आजवर चित्रसुद्धा छापलेलं नाही. चार ओळींचं लॅटिन वर्णन आणि युरोपातल्या एखाद्या संग्रहालयाच्या पेटीत टाचणीला लावलेला एक किडा, एवढाच त्यांचा संसार.

शब्दांचं आधी मिटवून टाकू. मराठीत जीनसला कुणी वंश म्हणतं, कुणी प्रजाती. स्पीशीजला कुणी जाती म्हणतं, कुणी प्रजाती. मी इथे कुळ, वंश, प्रजाती या उतरत्या क्रमाने चालतोय.

आता तुमचा भुंगेरा. फोटो धूसर आहे, पण बुडालेलं लाकूड, वाहतं पाणी आणि दीड मिलिमीटर या तीन गोष्टींवरून माझा संशय दोन कुळांवर जातो: एल्मिडी आणि हायड्रीनिडी. दोघांनाही पोहता येत नाही, दोघंही चालतात. एल्मिडीचे पाय अंगाच्या मानाने लांब आणि नखं चांगली मोठी, आकडीसारखी. प्रवाहात दगडाला धरून राहायचं तर तेच कामाचं. त्यांच्या अंगावर अतिशय बारीक केसांचा थर असतो. त्यात हवेचा पातळ पापुद्रा कायमचा अडकून राहतो आणि पाण्यात विरघळलेला प्राणवायू त्यातून आत येत राहतो. त्यामुळे हा प्राणी श्वासासाठी वर येत नाही. पण मग पाणी खळाळतं आणि स्वच्छ हवं, साचलेल्या पाण्यात तो गुदमरतो. हायड्रीनिडीची तऱ्हा वेगळी. ते पोटाखाली हवेचा बुडबुडा बाळगतात आणि तो भरून घ्यायला मिशा वापरतात. मिशा अशा श्वासाच्या कामाला जुंपलेल्या, मग चाचपडायचं कशाने? तर तोंडाजवळच्या लांब स्पर्शकांनी. हायड्रीना या वंशात हे स्पर्शक मिशांपेक्षाही लांब असतात आणि नवख्या माणसाला तेच मिशा वाटतात. तेव्हा पहिलं काम, 40 पटीखाली डोकं नीट बघा. लांब दिसतंय ते तोंडाजवळून निघालंय की डोळ्यांजवळून? एवढ्यावर कुळ बहुतेक ठरेल.

दुसरं काम, परत जा. सोबत परवानगी घेऊन जा. तुम्ही पकडले ते तीन भुंगेरे मोबाइलच्या फोटोपुरते ठीक होते, वर्णनासाठी पुरत नाहीत, आणि तीनही माद्या निघाल्या तर हात चोळत बसावं लागेल. राखीव किंवा संरक्षित क्षेत्रातून एक मुंगीसुद्धा वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय उचलायची नाही. आंबोलीत तर हे जास्तच जपायला हवं. तिथल्या हिरण्यकेशीच्या उगमाजवळून 2020 मध्ये शिस्टुरा हिरण्यकेशी या माशाचं वर्णन झालं आणि 2021 मध्ये ती जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित झाली. तुमचा ओढा नेमका कुणाच्या हद्दीत येतो हे तलाठ्याकडून आणि वनरक्षकाकडून आधी समजून घ्या. परवानगीचा क्रमांक पुढे शोधनिबंधात छापावा लागतो. मागाहून मिळवू म्हणणाऱ्यांचे तयार निबंध अडकलेले मी पाहिलेत.

गोळा करायला महागडं काही लागत नाही. चहाची स्टीलची गाळणी, पांढरा ट्रे, मऊ चिमटा. ओंडका उचलून ट्रेमध्ये ठेवायचा आणि उन्हात दहा मिनिटं गप्प बसायचं. लाकूड वाळायला लागलं की भुंगेरे आपसूक हलायला लागतात. प्रवाहातली वाळू पायाने ढवळून खालच्या अंगाला गाळणी धरायची. दगडावरचं शेवाळ मुठीने पिळायचं. आणि ज्या कातळावरून नुसता पाण्याचा पापुद्रा झिरपतोय, तो सोडू नका. दक्षिण आफ्रिकेतल्या असल्याच झिरपत्या कड्यांवर सापडलेल्या भुंगेऱ्यांसाठी 2002 मध्ये ॲस्पिडायटिडी हे अख्खं नवीन कुळ करावं लागलं. एवढी वर्षं लोक तिथून जाळी घेऊन जात होते, पण जाळी पाण्यात घालायची असते असं वाटून ओल्या भिंतीकडे कुणी पाहिलं नव्हतं. पावसाळ्यात आपल्या घाटांत असल्या भिंतींना तोटा आहे का?

पकडलेले निम्मे भुंगेरे थेट ॲब्सोल्यूट अल्कोहोलमध्ये टाका, डीएनएसाठी. बाटलीत चिठ्ठी पेन्सिलीने लिहिलेली टाकायची. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते, आणि दोन महिन्यांनी निळसर पाणी आणि कोरा कागद एवढंच हाती राहतं. चिठ्ठीवर गाव, ओढ्याचं स्थानिक नाव, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, पकडणाऱ्याचं नाव आणि ‘बुडालेला ओंडका, मध्यम प्रवाह’ अशी एक ओळ हवीच. ओढ्याला नाव नाही असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, गुराख्याला विचारा.

आता खरी कसोटी. या गटांत बाहेरून सगळे भाऊभाऊ. रंग तर बिलकूल धरायचा नाही, कोशातून नुकता निघालेला भुंगेरा फिकट पिवळा असतो आणि काही दिवसांनी काळपट होतो. एकाच ओढ्यात, एकाच ओंडक्यावर दोन प्रजाती शेजारी नांदतात. त्या ओळखायच्या कशावरून? नराच्या जननेंद्रियावरून. पोटाच्या टोकाशी आत दडलेला हा कठीण, वळणदार अवयव दीड मिलिमीटरच्या भुंगेऱ्यात साधारण 0.3 ते 0.4 मिलिमीटर भरतो. जवळच्या प्रजातींत त्याचं टोक, बाजूच्या दोन फाकांची जाडी, त्यांवरचे केस हे वेगळे असतात आणि एका प्रजातीत बऱ्यापैकी एकसारखे. म्हणून या गटांत वर्णनाचा मुख्य नमुना म्हणून शक्यतो नरच निवडतात. नुसत्या माद्यांवरून नवीन प्रजाती करणाऱ्याला पुढची पिढी शिव्या देते.

हा अवयव काढायची माझी रीत सांगतो. भुंगेरा कोमट पाण्यात तासभर मऊ करायचा. दोन अतिबारीक टाचण्या आगपेटीच्या काड्यांवर बसवून, त्यांतल्या एकीचं टोक काचेवर दाबून किंचित वाकवून घ्यायचं. डाव्या हातातल्या टाचणीने भुंगेरा उताणा धरायचा आणि उजवीकडच्या आकडीने पोटाच्या टोकातून अवयव हलकेच ओढायचा. मग 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवायचा, भोवतालचे स्नायू विरघळेपर्यंत. मी गरम करत नाही, रात्रभर तसाच ठेवतो. घाईने गरम करून फाका वेगळ्या झालेल्या मी स्वतः फेकल्या आहेत. नंतर पाण्यात धुऊन ग्लिसरिनच्या थेंबात घ्यायचा आणि पोटाकडून व बाजूने अशी दोन्ही चित्रं काढायची. आणि हे सगळं करताना पंखा बंद. एप्रिलमध्ये घाम टिपत काम करावं लागतं, पण 0.3 मिलिमीटरची वस्तू टेबलावरून उडाली की ती गेलीच. माझ्या टेबलाखालच्या फरशीवर निदान चार प्रजातींचे अवयव असतील. शिंक आली तर आधी मान वळवा. चित्र झालं की तो अवयव त्याच भुंगेऱ्याच्या कार्डावर पाण्यात विरघळणाऱ्या डिंकाने चिकटवायचा. वेगळ्या डबीत ठेवला तर तो दहा वर्षांनी कुणाचा होता ते कुणालाच सांगता येत नाही.

नुकत्याच निघालेल्या फिकट नराचा अवयव मऊ असतो आणि वाळताना वाकतो, त्यावरून काही ठरवू नका. एकट्यादुकट्या नरावर तर नकोच. पाच-सहा नर उघडून सगळ्यांत तोच आकार दिसला, म्हणजे मग बोलायचं.

इथपर्यंत महिना-दोन महिने लागतात. पुढचं काम वर्षं खातं, आणि नवे लोक नेमकं तेच सोडून देतात. तुमचा भुंगेरा ‘नवीन’ आहे हे विधान ओढ्याबद्दलचं नाहीच, ते आजवर ठेवलेल्या सगळ्या नावांबद्दलचं आहे. त्या वंशातल्या, आपल्याकडे सापडू शकेल अशा प्रत्येक नावाशी ताडून, हा तो नव्हे असं दाखवावं लागतं. प्राण्यांच्या नावांची मोजणी लिनेयसच्या ‘सिस्टेमा नॅचुरी’ या ग्रंथाच्या 1758 च्या आवृत्तीपासून सुरू होते, आणि आधीच्या नावाचा मान पहिला. कुणी 1890 मध्ये चार ओळींत नाव ठेवून ठेवलं असेल, तर तुमची वीस पानं आणि डीएनए त्याच्यापुढे चालत नाहीत.

माझ्यावरच गेलेला प्रसंग. बऱ्याच वर्षांपूर्वी सह्याद्रीतल्या एका ओहोळातून मला डायटिस्सिडी कुळातला छोटा बुडक्या भुंगेरा मिळाला. टी. जी. वझिरानींनी 1960 च्या दशकात पश्चिम घाटातल्या या कुळावर लिहिलेले निबंध मी तपासले, त्यांत तो नव्हता. चित्रं झाली, वर्णन झालं, नाव ठरलं, नाव ठरल्याचे पेढेही वाटून झाले. निबंध तपासणाऱ्याने एकच ओळ लिहून परत पाठवला: रेजिंबार यांचा 1899 चा ग्रंथ पाहिला का? मॉरिस रेजिंबार या फ्रेंच अभ्यासकाने भारत, चीन आणि मलाया या भागांतल्या डायटिस्सिडींचा आढावा त्या वर्षी प्रसिद्ध केला होता. फ्रेंच येत नाही म्हणून मी तो चाळून सोडला होता. त्यातलं एक वर्णन, ब्रह्मदेशातल्या नमुन्यावरचं, माझ्या भुंगेऱ्याला संशयास्पद जवळचं निघालं. मूळ नमुन्याच्या अवयवाचा फोटो मागवला. तो येईपर्यंत आठ महिने गेले आणि आल्यावर चित्र शेजारी ठेवलं, तर तंतोतंत तेच. माझ्या नवीन प्रजातीचं रूपांतर ‘अमुक प्रजातीची पश्चिम घाटातून नोंद’ अशा दोन पानांत झालं. आज वाटतं, त्या तपासणाऱ्याने उपकारच केले. नाव छापून आलं असतं, तर कुणीतरी ते पुढे समानार्थी म्हणून रद्द केलं असतं, आणि ते रद्द नावही कायम माझ्याच नावाने यादीत राहिलं असतं.

तेव्हा शोध महाराष्ट्रापुरता ठेवू नका. निलगिरी, श्रीलंका, ब्रह्मदेश, ईशान्य भारत इथून नाव मिळालेल्या प्रजातीही पाहा. ब्रिटिश काळातल्या चिठ्ठ्यांवर गावाचं नाव नसतं, नुसतं ‘इंडिया’ किंवा ‘बॉम्बे’ असतं, आणि बॉम्बे म्हणजे तेव्हा कराचीपर्यंतचा मुलूख. जुने ग्रंथ आता बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, आम्हाला ते झेरॉक्ससाठी पत्रं लिहून मिळवावे लागत. एल्मिडी आणि हायड्रीनिडीसाठी व्हिएन्नाच्या निसर्गविज्ञान संग्रहालयाचा संग्रह फार मोलाचा आहे. तिथल्या तज्ज्ञाला अवयवाचं स्वच्छ चित्र पाठवलं, तर वर्षाचं काम आठवड्यात होऊ शकतं. चित्र पाठवायला परवानगी लागत नाही. नमुना परदेशी पाठवायचा असेल तर मात्र जैवविविधता कायद्याची प्रक्रिया आधी नीट वाचा.

या तुलनेला किती वेळ लागतो, याची दोन टोकं सांगतो. व्हेनेझुएलात पुएर्तो आयाकुचोजवळ तोबोगान नावाची जागा आहे, कातळावरून पाणी घसरगुंडीसारखं वाहतं म्हणून ते नाव. तिथे 1980 च्या दशकाच्या मध्याला पॉल स्पँगलर या पाणभुंगेऱ्यांच्या अभ्यासकाला मिलिमीटरहूनही लहान भुंगेरा मिळाला. तो कुठल्याच ज्ञात कुळात बसेना. शेवटी 2005 मध्ये त्याचं वर्णन मेरू फिलिसे या नावाने आलं, आणि सोबत मेरुइडी हे नवीन कुळही. वीस वर्षं! आळस म्हणू नका: 2012 मध्ये झालेल्या एका पाहणीत, नमुना पकडल्यापासून वर्णन छापून येईपर्यंत सरासरी 21 वर्षं जातात असंच दिसलं. दुसरं टोक बोर्निओतलं. सबाहमधल्या मालियाऊ बेसिनमध्ये हौशी मंडळींना सोबत घेऊन गेलेल्या मोहिमेत एल्मिडी कुळातला सुमारे 3 मिलिमीटरचा भुंगेरा मिळाला आणि 2018 मध्ये त्याचं वर्णन झूकीज या नियतकालिकात आलंही: ग्रुव्हेलिनस लिओनार्डोडिकॅप्रिओय. एवढं झटपट कसं? त्या वंशावर आधीच काम करणारा माणूस लेखकांत होता. जुनी नावं त्याच्या डोक्यात होती. पळवाट म्हणाल तर हीच एक आहे, त्या वंशाचा जाणकार सहलेखक म्हणून घ्या.

डीएनएबद्दल थोडंच सांगतो, कारण त्याचं कौतुक आपल्याकडे गरजेपेक्षा जास्त होतं. प्रजाती ओळखायला वापरतात त्या सीओआय जनुकाचा 658 अक्षरांचा तुकडा वाचून घ्या, त्याचा उपयोग होतो. मादी कुठल्या नराची आणि अळी कुणाची, हे त्याने जुळतं. पण माहितीसाठ्यात जुळणी सापडली नाही म्हणजे प्रजाती नवीन, हा तर्क फोटोवाल्या तर्काचाच धाकटा भाऊ आहे. 1899 च्या वाळलेल्या नमुन्याचा क्रम त्या साठ्यात कुठून असणार?

वर्णन लिहिताना लांबी डोक्यासकट मोजू नका. हे भुंगेरे डोकं आत ओढून घेतात, त्यामुळे एकाच प्रजातीची दोन मापं येतात. छातीच्या पाठीकडच्या ढालीची आणि पंखकवचांची लांबी मिळवून द्यायची, निदान दहा नमुन्यांची, लहानात लहान ते मोठ्यात मोठी. सगळ्यांत महत्त्वाचा परिच्छेद असतो फरकाचा: ही प्रजाती अमुक-अमुकला जवळची, आणि त्यांच्यापासून या या खुणांनी वेगळी. बाकी पानं कुणी वाचो न वाचो, हा परिच्छेद शंभर वर्षं वाचला जातो. इथे ‘किंचित’, ‘साधारण’, ‘तुलनेने’ हे शब्द आले की समजायचं, लेखकाने शेजारचा नमुना पाहिलेला नाही.

नियमांची बाजू त्या मानाने सोपी आहे. प्राणी नामकरण संहितेची चालू आवृत्ती 1 जानेवारी 2000 पासून लागू आहे. निबंधात प्रजाती नवीन असल्याचं स्पष्ट लिहायचं. एक नमुना होलोटाइप म्हणून निवडून तो कुठे ठेवलाय ते सांगायचं, उरलेले पॅराटाइप. फक्त ऑनलाइन निघणाऱ्या नियतकालिकात छापणार असाल तर झूबँक या प्राणिनावांच्या ऑनलाइन नोंदवहीत आधी नोंद हवी, ही सोय 2012 च्या दुरुस्तीने झाली. त्यापुढे नावाला अर्थ असतो तो त्या एका भुंगेऱ्यामुळे. उद्या तुमच्या वर्णनात दोन प्रजाती मिसळल्याचं उघडकीला आलं, तरी नाव होलोटाइपच्या मागे जातं. म्हणून सहाही पाय, दोन्ही मिशा शाबूत असलेला आणि अवयव नीट निघालेला नर निवडा. आपल्याकडे कायद्यानेही हे बांधलेलं आहे: 2002 च्या जैवविविधता कायद्याच्या कलम 39 प्रमाणे नवीन प्रजातीची सूचना नेमून दिलेल्या संस्थेला द्यायची आणि नमुने तिथे जमा करायचे. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे, तुम्हाला तेच सोयीचं. होलोटाइप कॉलेजच्या कपाटात ठेवायचा मोह नको. प्राचार्य बदलतात, कपाटाला वाळवी लागते.

नावाबद्दल लोक सगळ्यांत आधी विचारतात, म्हणून शेवटी सांगतोय. पुरुषाच्या नावावरून ठेवलं तर शेवटी आय, स्त्रीच्या नावावरून ठेवलं तर ए हे लॅटिन प्रत्यय लागतात. मेरू फिलिसेमधला शेवट स्पँगलर यांच्या पत्नीच्या फिलिस या नावाला लागलाय. गावावरून ठेवायचं तर बहुधा एन्सिस. विशेषण वापरलंत तर ते वंशाच्या लिंगाप्रमाणे बदलतं, मराठीत काळा-काळी-काळं होतं तसंच. ही कटकट नको असेल तर नाम जसंच्या तसं वापरा, हिरण्यकेशी या माशाच्या नावासारखं. स्वतःचं नाव द्यायला संहिता मनाई करत नाही. पण कुणी देत नाही, आणि दिलं तर पुढची तीस वर्षं प्रत्येक परिषदेत चहाच्या वेळी तो विषय निघतो.

आत्ता लगेच ओढ्याकडे धावू नका. भर पावसात हे भुंगेरे दगडांच्या फटीत, वाळूत खोल जातात आणि हाती येईल ते वाहून आलेलं असतं, कुठल्या जागेचं ते सांगता येत नाही. परवानगीचा अर्ज आजच टाका, तो मंजूर होईतो ऑक्टोबर उजाडेल आणि पाणी निवळलेलं असेल. तोवर हातातल्या तिघांचं डोकं बघून लांब स्पर्शक आहेत की नाहीत तेवढं कळवा. आणि त्यांतला एखादा नर असेल तर तो उघडण्याआधी गल्लीतल्या कुठल्याही साध्या भुंगेऱ्यावर चार वेळा हात बसवून घ्या.